फोनवरच्या थट्टेला गुंडच हवा

फोनवरून लोकांची फिरकी घेणाऱ्यांवर चांगला चित्रपट निघूच शकत नाही, असं एक मत विनोदाविषयी लिहिणाऱ्यांमध्ये पक्कं रुजलं आहे. पुरावा म्हणून १९९५ सालच्या 'द जर्की बॉइज : द मूव्ही' या अमेरिकी चित्रपटाचं नाव पुढे केलं जातं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले जॉनी ब्रेनन आणि कमल अहमद हे दोघे अनोळखी लोकांना फोन करायचे, तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढून त्यांना भंडावून सोडायचे आणि ते बोलणं टेप करायचे. या टेप आधी हातोहात फिरल्या. १९९३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम रीतसर बाजारात आला आणि लाखोंनी खपला. दोनच वर्षांत डिस्नेच्या टचस्टोन पिक्चर्सनं जेम्स मेल्कोनियन यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आणला. त्यात हे दोघे रिकामटेकडे मित्र माफियाचा म्होरक्या लझारो याला फोन लावतात. आपण शिकागोचे बडे प्रस्थ फ्रँक रिझ्झो आहोत असं सांगून, आपली दोन माणसं येत आहेत, त्यांची नीट व्यवस्था ठेव, असा दम भरतात. मग ती दोन माणसं म्हणून स्वतःच तिथे दाखल होतात. त्यांची बडदास्त ठेवली जाते, बिंग फुटतं आणि टोळी नि पोलीस दोन्ही मागे लागतात. समीक्षकांनी चित्रपट झोडपला, तिकीटबारीवरही तो आपटला. निदान असं झालं की, दोन मिनिटांची गंमत दीड तास ताणायची म्हणून तिला गुंडांचं ठिगळ लावलं गेलं.

हे निदान साफ चुकीचं आहे. गुंड हे ठिगळ नव्हे. फोनवरच्या थट्टेच्या पोटातच तो बसलेला असतो.

या प्रकाराच्या उगमाकडे जाऊ. १९७०च्या दशकात न्यू जर्सीतल्या जर्सी सिटी इथल्या ट्यूब बारमध्ये दोन तरुण वरचेवर फोन करत. बारचा मालक लुई 'रेड' डॉइच हा पूर्वी मुष्टियोद्धा होता. फोनवरून त्याला कुणा गिऱ्हाइकाचं नाव सांगून बोलावून द्यायची विनंती व्हायची. नाव असं रचलेलं, की मोठ्यानं उच्चारलं की त्यातून भलताच शब्द निघावा. रेड बिचारा प्रामाणिकपणे भर बारमध्ये ते नाव पुकारायचा. फसवणूक लक्षात आली की त्याचा जो भडका उडायचा, ज्या भीषण धमक्या आणि शिव्या बाहेर पडायच्या, त्यांसाठीच लोक त्या टेप पुन्हा पुन्हा ऐकत. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत बार्ट हा पोरगा मोच्या बारला फोन करतो आणि मो त्याला चिरून काढायच्या धमक्या देतो, ती गंमत थेट इथून आलेली आहे. म्हणजे हसू रचलेल्या नावापेक्षा पलीकडच्या माणसाच्या धोकादायकपणातून फुटतं. रेडच्या जागी एखादा भिडस्त, थकलेला म्हातारा कल्पून पाहा. ती टेप पाच मिनिटंही ऐकवणार नाही.

विषमता हा या थट्टेचा खरा दोष आहे आणि त्याबद्दल मला मनापासून चीड आहे. फोन करणारा लपलेला आणि सुरक्षित असतो. घेणारा उघडा पडलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो कामात असतो. जर्की बॉइजच्या मूळ टेपमध्ये फसलेली माणसं कोण होती? दुकानदार, कारागीर, नोकरीची जाहिरात दिली म्हणून फोन उचलणं भाग असलेले लोक. त्यांचा गुन्हा काय? चित्रपटानं त्यांच्या जागी लझारोला आणलं आणि पारडं समतोल झालं. ज्याला फसवायचं तो आता फोन करणाऱ्याच्या दारात येऊ शकतो. मूळ टेपमध्ये कधीच नसलेला न्याय एवढ्या एका बदलानं कथेत आला. विल्यम कॅसल या दिग्दर्शकानं तीस वर्षं आधी हेच ओळखलं होतं. त्याच्या १९६५च्या 'आय सॉ व्हॉट यू डिड'मध्ये दोन मुली चाळा म्हणून कुणालाही फोन करतात आणि तो लागतो नुकताच बायकोचा खून केलेल्या माणसाला. तिथे भय आहे, इथे हसू. पण सांगाडा एकच.

दुसरा आक्षेप असा की, ही श्रवणाची कला आहे, पडद्यावर ती मरते. मग आपल्यासमोरच्या 'हेराफेरी'चं (२०००) काय करायचं? टेलिफोन डिरेक्टरीतल्या चुकीमुळे मासळीच्या कंपनीचे फोन बाबूराव गणपतराव आपटेच्या गॅरेजात येत राहतात. तो वैतागतो, ओरडतो, फोन आपटतो. प्रेक्षकाला वाटतं, ही नुसती गंमत आहे. मग त्याच चुकीच्या वाटेनं कबिरा या अपहरण करणाऱ्या गुंडाची खंडणीची मागणी येते. बाबूराव आणि त्याचे दोन भाडेकरू ती तशीच पुढे न पाठवता स्वतः अपहरणकर्ते बनतात आणि आकडा वाढवून पुढचा फोन लावतात. इथेही उसना दरारा आहे, इथेही खरा गुंड आहे, आणि हे सगळं पडद्यावर रंगतं. कारण ध्वनिफितीत न दिसणारी गोष्ट इथे दिसते : दम भरणारा आवाज आणि तो काढणाऱ्याचं कापरं भरलेलं शरीर. प्रियदर्शननी ही कथा ज्याच्यावरून घेतली, तो सिद्दिक-लाल यांचा 'रामजी राव स्पीकिंग' (१९८९) हा मल्याळी चित्रपट तर नावातच फोनवरचा आवाज घेऊन येतो.

मग 'जर्की बॉइज' फसला कुठे? नायक लझारोच्या माणसांत पोचले की चित्रपट त्यांच्या हातचं शस्त्र काढून घेतो. उरते धावाधाव, ती कुणाही दोघांची असू शकली असती. 'हेराफेरी'त शेवटपर्यंत काटा टेलिफोनवरच फिरत राहतो. कथेतला मुख्य पेच कुणीतरी रिसीव्हर उचलल्यामुळे वाढतो. मेल्कोनियन आणि त्यांच्या लेखकांनी गुंड आणला ते बरोबर केलं. फोन खाली ठेवला ती चूक.

अ‍ॅलन आर्किनसारखा कसलेला नट लझारो झाला आहे, आणि तो विनोदी चित्रपटात असल्याची जराही जाणीव न दाखवता, पुरत्या गांभीर्यानं वावरतो. अख्खा चित्रपट पाहा असा आग्रह मी धरणार नाही. लझारोला पहिला फोन जातो तो भाग मात्र जरूर पाहा, आणि मग या कथेतून गुंड काढून टाकायचा की नाही ते ठरवा.