चुकीच्या अवयवावरील शस्त्रक्रिया व नुकसानभरपाईचे दावे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

उजवा पाय कापावयाचा असता डावा कापला गेला, तर चूक झाली हे ठरविण्यासाठी कोणा तज्ज्ञाच्या साक्षीची गरज उरत नाही. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या इतर बहुतेक दाव्यांत उपचार योग्य होते किंवा नाही, हे सांगण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरलाच पाचारण करावे लागते, आणि रुग्णाचा दावा सहसा तेथेच अडतो. त्यामुळे चुकीच्या अवयवावरील शस्त्रक्रियेचा दावा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा मानला गेला. परंतु या सोपेपणाची दुसरी बाजूही आहे. दावा निकाली निघाला तरी चूक कशी घडली, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. आणि भारतात हा सोपेपणा सर्व रुग्णांच्या वाट्याला आलाच नाही. या दोन मुद्द्यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

न्यायतत्त्वाची जडणघडण

या सोपेपणाचे मूळ रुग्णालयात नसून वखारीत आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे एका वखारीच्या वरच्या बाजूने पिठाचे पिंप रस्त्यावरील पादचाऱ्याच्या अंगावर पडले. 1863 च्या या खटल्यात (बर्न विरुद्ध बोडल) चीफ बॅरन पोलॉक यांनी असा निर्वाळा दिला की, निष्काळजीपणा झाल्याशिवाय वखारीतून पिंप असे पडत नाही. ते कसे पडले याचा खुलासा वखारवाल्याने करावा. ‘रेस इप्सा लोक्विटर’, म्हणजे घटना स्वतःच बोलते, हे तत्त्व येथून रूढ झाले.

शस्त्रक्रियेच्या संदर्भात या तत्त्वाचा सर्वांत धाडसी वापर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1944 मध्ये केला. इबारा विरुद्ध स्पॅनगार्ड या खटल्यातील रुग्ण आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला होता. शुद्धीवर आल्यावर मात्र त्याचा खांदा दुखू लागला आणि पुढे तो हात निकामी होत गेला. ज्या अवयवाशी उपचारांचा संबंधच नव्हता, त्याला इजा झाली होती. बेशुद्ध माणसाने ती कोणाच्या हातून झाली हे कसे सांगावे? न्यायालयाने ही अडचण ओळखली आणि त्या काळात रुग्ण ज्यांच्या ताब्यात होता, त्या सर्वांवर खुलाशाची जबाबदारी टाकली. शस्त्रक्रिया हे एका व्यक्तीचे नव्हे तर अनेकांचे सामूहिक कृत्य आहे, ही जाणीव या निकालात आहे. वैद्यकीय व्यवसायाला तिचा अर्थ उमगण्यास आणखी अर्धशतक लागले.

1995 आणि त्यानंतर

फेब्रुवारी 1995 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टँपा येथील एका रुग्णालयात मधुमेही रुग्णाचा उजव्याऐवजी डावा पाय गुडघ्याखाली कापण्यात आला. शस्त्रक्रियांच्या वेळापत्रकात, संगणकात आणि कक्षातील फळ्यावर ‘डावा’ अशीच नोंद होती. सर्जन आत येण्यापूर्वी डावा पाय तयार करून ठेवलेला होता. चूक एका परिचारिकेच्या लक्षात आली, तेव्हा वेळ निघून गेली होती. रुग्णालयाने 9 लाख व सर्जनने अडीच लाख डॉलर देऊन तडजोड केली. भरपाई मिळाली, सर्जनवर कारवाईही झाली. परंतु फळ्यावर चुकीची नोंद कशी आली, हे शोधणे दाव्याच्या कक्षेत येत नव्हते.

वेल्समधील लानेल्ली येथे जानेवारी 2000 मध्ये घडलेली घटना याहून बोलकी आहे. रोगग्रस्त उजवे मूत्रपिंड काढावयाचे असताना निरोगी डावे काढले गेले. काही आठवड्यांनी रुग्ण दगावला. दाखल करतानाच्या चिठ्ठीवर बाजू चुकली होती आणि क्ष-किरण चित्र उलटे पाहिले गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी उपस्थित असलेल्या एका विद्यार्थिनीने चूक निदर्शनास आणली होती. तिचेच चुकते आहे, असे तिला सांगण्यात आले. दोन्ही सर्जनांवर मनुष्यवधाचा खटला चालला व 2002 मध्ये ते निर्दोष सुटले. अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाने या विद्यार्थिनीचा प्रसंग लक्षात ठेवावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रतिबंधाचा विचार न्यायालयापेक्षा व्यवसायातून पुढे आला. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने विमा कंपन्यांकडील निकाली दाव्यांचा आढावा घेऊन 1998 मध्ये, शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनने योग्य जागी स्वतःची सही करावी, अशी मोहीम सुरू केली. 1 जुलै 2004 पासून जॉइंट कमिशनने मान्यताप्राप्त रुग्णालयांना जागेची खातरजमा, खूण आणि छेद घेण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबणे बंधनकारक केले. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची आली.

दाव्यांच्या नोंदी मात्र सावधपणे वाचाव्या लागतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रिया वगळता, सुमारे 28 लाख शस्त्रक्रियांमागे अशी केवळ 25 प्रकरणे आढळली. उलट 2003 मधील पाहणीत हाताच्या शल्यविशारदांपैकी 21 टक्क्यांनी, आपल्या हातून कारकिर्दीत एकदा तरी अशी चूक झाल्याचे कबूल केले. दोन्ही आकड्यांची मापे भिन्न आहेत, हे खरे. तरीही दाव्यांच्या दप्तरात चुकांचा सगळा इतिहास सापडत नाही, एवढे त्यावरून दिसते.

भारतीय संदर्भ

टँपाच्या घटनेच्याच वर्षी, 13 नोव्हेंबर 1995 रोजी, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. तज्ज्ञांच्या गुंतागुंतीच्या साक्षीशिवाय ग्राहक मंचांना सहज निकाली काढता येतील अशा उघड चुकांची उदाहरणे देताना, चुकीचा अवयव काढणे व भलत्याच रुग्णावर शस्त्रक्रिया करणे यांचा निकालपत्रात स्पष्ट उल्लेख आहे. शस्त्रक्रियेची साधने पोटात राहणे हेही त्याच यादीत येते. मात्र जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये याच निकालाने कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. तेथील रुग्णाला दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरला.

तो मार्ग कसा असतो, हे अवघ्या तीन महिन्यांनी दिसले. जुलै 1963 मध्ये तत्कालीन औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका महिलेच्या पोटात कापड राहिले. दुसऱ्या शस्त्रक्रियेत ते सापडले. 24 जुलैला ती मरण पावली. कनिष्ठ न्यायालयाने 36,000 रुपये मंजूर केले. रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने राज्य जबाबदार नाही, असे म्हणत उच्च न्यायालयाने ते नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले आणि येथे घटना स्वतःच बोलते असे ठरवून ती रक्कम 20 फेब्रुवारी 1996 रोजी पुन्हा मंजूर केली. घटना बोलत होती. पण ती ऐकली जाण्यास जवळपास तेहेतीस वर्षे लागली, आणि रक्कम तीच राहिली.

2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही विनामूल्य सेवा ‘सेवे’च्या व्याख्येतून वगळलेली आहे. खाजगी रुग्णालयात पैसे भरून चुकीचा पाय गमावणारा रुग्ण आज जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयात तोच पाय गमावणाऱ्याला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.