फेझंट टेल निम्फ

फेझंट टेल निम्फ ही ट्राउट मासे गळाने पकडण्यासाठी वापरली जाणारी एक कृत्रिम माशी आहे. मेफ्लाय या कीटकाची पंख फुटण्यापूर्वीची, पाण्यात राहणारी अवस्था म्हणजे निम्फ; तिचे हे अनुकरण होय. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनी ही माशी घडवली. नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीतील तांबूस तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढेच तिचे साहित्य. (फेझंट हा मोराच्याच कुळातील पक्षी आहे.) मूळ रीतीत दोरा मुळीच वापरला जात नाही. अतिशय लहान निम्फ बांधताना हाच विशेष सर्वांत उपयोगी ठरतो.

पार्श्वभूमी

दक्षिण इंग्लंडमधील काही नद्या खडूच्या खडकांतील झऱ्यांतून उगम पावतात. त्यांचे पाणी नितळ असते आणि प्रवाह एकसारखा, त्यामुळे मासा काय खातो आहे ते काठावरून दिसू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या ग्रंथांमुळे या नद्यांवर तरंगत्या माशीचा, म्हणजे ड्राय फ्लायचा, पंथ रूढ झाला. पृष्ठभागावर आलेल्या माशाला तरंगती माशी दाखवणे हाच सभ्य मार्ग, अशी समजूत त्यातून दृढ झाली. ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच मिळवतो, ही गोष्ट या नियमात बसत नव्हती. व्यवसायाने वकील असलेले जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ या पुस्तकात पृष्ठभागाखालील मासेमारीचे समर्थन केले. त्यावरून पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या प्रश्नावर जाहीर चर्चा झाली, तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. निम्फमुळे लहान मासेही सहज बळी पडतात, हा विरोधकांचा आक्षेप केवळ सोवळेपणाचा म्हणून सोडून देता येणार नाही.

स्क्यूज यांच्या निम्फ हलक्या असत व पृष्ठभागालगत राहत. सॉयर यांनी निम्फ खोल पाण्यात नेली.

लहान आकाराची अडचण

गळाचा क्रमांक जसा वाढतो तसा गळ लहान होतो. १८ ते २२ क्रमांकांच्या निम्फ अतिलहान मानल्या जातात. २० क्रमांकाच्या गळाची दांडी तांदळाच्या दाण्याहून मोठी नसते. वस्तूची लांबी निम्मी केली तर तिचा पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो, पण वजन मात्र एक अष्टमांशच उरते. म्हणून लहान निम्फ मोठीपेक्षा हळू बुडते आणि प्रवाहात माशापर्यंत पोहोचण्याआधीच वाहून जाते. वजनासाठी शिशाची तार गुंडाळावी तर शरीर फुगते व कीटकाचा सडपातळपणा जातो. सॉयर यांच्या रचनेत बांधणी आणि वजन ही दोन्ही कामे एकच तार करते. हल्ली टंगस्टनचा मणीही ओवतात; टंगस्टनची घनता शिशाच्या दीडपटीहून अधिक असल्याने अगदी बारीक मणीही पुरतो.

बांधणी

गळ व्हाइसमध्ये पकडून तार दांडीवर गुंडाळतात व पुढील भागात तिचे वेढे वाढवून छातीचा उंचवटा करतात. तार मागे आणून तिनेच शेपटीचे तंतू बांधतात, त्यांची टोके कीटकाच्या शेपट्यांप्रमाणे थोडी बाहेर ठेवतात. मग तंतू तारेभोवती पिळून दोन्ही एकत्र पुढे गुंडाळत नेतात. या पिळामुळे नाजूक तंतूंना बळकटी येते. शेवटी तंतू छातीवरून मागे व पुन्हा पुढे दुमडून तारेने आवळतात, म्हणजे पंखांच्या आवरणाचा गडद भाग तयार होतो. सॉयर चार तंतू घेत. अतिलहान गळावर दोन पुरतात आणि तारही अधिक बारीक लागते. नवशिक्याची माशी बहुधा जाड होते. एखादा वेढा कमी पडलेला बरा.

सॉयर यांनी पाय दाखवलेच नाहीत. पोहणारी निम्फ पाय अंगालगत घेते, असे त्यांचे निरीक्षण होते. अमेरिकेत ॲल ट्रॉथ यांनी मोरपिसाच्या तंतूंची छाती व पाय असलेला प्रकार रूढ केला. तो दिसायला अधिक देखणा असला तरी मूळ रचनेइतका सुटसुटीत नाही.

मासेमारी

निम्फ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून ताण न देता बुडू देतात. ती माशाच्या पातळीस आली की काठीचे टोक हळूच उचलतात. निम्फ वर सरकते आणि निसटू पाहणारे भक्ष्य समजून ट्राउट तिच्यावर झडप घालतो. ऑलिव्हर काइट यांनी या युक्तीचा मोठा प्रसार केला. ते तर पिसांशिवाय, केवळ तांब्याच्या तारेचा उंचवटा केलेल्या गळानेही मासे पकडून दाखवीत. रंगापेक्षा आकार, खोली व हालचाल महत्त्वाची, या मताला याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

माशाने निम्फ तोंडात घेतल्याचा धक्का हाताला क्वचितच जाणवतो. दोर पाण्यात शिरतो त्या जागी तो किंचित थबकला किंवा माशाच्या तोंडाची पांढरी आतली बाजू चमकली, तर काठी अलगद उचलावी; हिसका दिल्यास बारीक गळ निसटतो किंवा धागा तुटतो. शेवटचा धागा सहसा ६एक्स (सुमारे ०.१३ मिमी) किंवा ७एक्स (सुमारे ०.१० मिमी) जाडीचा असतो.

इतक्या बारीक धाग्यावर मोठा मासा आणायला वेळ लागतो आणि मासा दमतो. उन्हाळ्यात पाणी तापून त्यातील प्राणवायू कमी झालेला असताना असा दमलेला मासा सोडून दिल्यावरही मरू शकतो. म्हणून पकडून सोडण्याची प्रथा पाळणारे मासेमार काट्याला उलटे टोक नसलेला गळ वापरतात, माशाला पाण्याबाहेर फार वेळ धरत नाहीत आणि कडक उन्हाळ्यात मासेमारी थांबवतात. इंग्लंडमधील काही नद्यांवर आजही हंगामाचा पहिला भाग केवळ तरंगत्या माशीसाठी राखलेला असतो.