वेताळपंचविशीची रात्र : भयकथांच्या सामुदायिक वाचनाची पूर्वतयारी



बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे माझे गाव. तेथील काही वाचनप्रिय मंडळींनी येत्या कृष्ण चतुर्दशीच्या रात्री एकत्र जमून वेताळपंचविशीच्या पंचवीसही कथा एका बैठकीत मोठ्याने वाचून काढण्याचा संकल्प केला आहे. हा बेत कळताच दोन बाजूंनी आक्षेप आले. वडीलधाऱ्यांनी विचारले, अपरात्री भुताखेतांची नावे कशाला घ्यावयाची? तरुणांपैकी काहींनी विचारले, अंधश्रद्धेशी झुंजणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि ज्या राज्याने त्याच वर्षी नरबळी व अघोरी प्रथा यांविरुद्ध कायदा केला, तेथे वेताळाची कथा रात्रभर आळवीत बसणे शोभते काय? दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. त्यांचे उत्तर द्यावयाचे तर या कथा कोठून आल्या व त्या काय सांगतात, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आपल्याकडील कथावाङ्मयाचा उगमच मुळी एका विलक्षण वाचनात आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजास सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याच्या पैजेत तो हरला आणि पणाप्रमाणे संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याने त्याग केला. तेव्हा विंध्याटवीत काणभूति नावाच्या पिशाचाच्या मुखातून त्याने कथा ऐकल्या आणि पैशाची भाषेत, शाईच्या अभावी स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती अव्हेरली. मग गुणाढ्याने अरण्यात अग्निकुंड पेटविले. एकेक पान मोठ्याने वाचावे आणि अग्नीत टाकावे, असा क्रम चालविला. वनातील पशुपक्षी चरणे सोडून, डोळ्यांत आसवे आणून ऐकत राहिले. राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस शुष्क झाले, त्याचे कारण शोधता शोधता राजा त्या ठिकाणी पोहोचला. तोपर्यंत सहा लक्ष श्लोक भस्म होऊन एक लक्षच उरले होते. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. मूळ बृहत्कथाही आज उपलब्ध नाही. तथापि ज्या समाजाने ही आख्यायिका रचली, त्याला वाचन ही एकट्याने कोपऱ्यात बसून करण्याची गोष्ट वाटत नव्हती, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

बृहत्कथेचा सारांश म्हणून काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात, अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनार्थ, कथासरित्सागर लिहिला. त्यात वेताळाच्या कथा आहेत, आणि त्यांचा नायक आपण समजतो तसा उज्जयिनीचा विक्रम नसून गोदातीरीच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन आहे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षु दहा वर्षे रोज एक फळ राजास अर्पण करतो. एके दिवशी एका माकडाने ते फळ फोडले तेव्हा आतून रत्न निघाले. या उपकाराने बांधलेला राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो आणि भिक्षूच्या सांगण्यावरून शिंशपा वृक्षावर लोंबणारे प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतात वेताळ असतो. वाट सरावी म्हणून तो कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा मौन राखील तर मस्तक फुटेल, आणि बोलेल तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल!

एका कथेचा मासला पाहा. मंदारवती नावाच्या कन्येचे तीन वर असतात. ती अकस्मात मरण पावते. एक जण तिच्या चितेच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेस जातो, तिसरा देशोदेशी फिरून संजीवनी मंत्र मिळवून येतो आणि ती पुन्हा जिवंत होते. आता ती कोणाची? राजा म्हणतो, ज्याने जीव दिला तो पिता, ज्याने अस्थी नेल्या तो पुत्र, आणि जो राखेस कवटाळून राहिला तोच पती. हे उत्तर सर्वांस पटेलच असे नाही. पण ऐकणारा आपल्या मनाशी वाद घालू लागतो, यातच कथेचे साफल्य आहे.

शेवटी काय होते, ते माझ्या तरुण मित्रांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. चोविसाव्या प्रश्नास राजाला उत्तर सुचत नाही, तो मुकाट चालत राहतो. वेताळ प्रसन्न होऊन खरी गोष्ट सांगतो. त्या भिक्षूस राजाचाच बळी द्यावयाचा आहे. तो साष्टांग नमस्कार घालावयास सांगेल, तेव्हा राजाने म्हणावे, ‘मला ठाऊक नाही, आधी आपण करून दाखवा.’ राजा तसेच करतो आणि बुवाचेच मस्तक छेदतो. म्हणजे या कथेतील खलपुरुष वेताळ नव्हे. रत्ने वाटीत वाटीत दहा वर्षे विश्वास संपादणारा, नरबळीचा बेत रचणारा मनुष्य हा खलपुरुष होय. २०१३ च्या कायद्याने ज्यास गुन्हेगार ठरविले, त्यास या जुन्या कथेनेही गुन्हेगारच ठरविले होते.

हाच न्याय आपल्या विदर्भाच्या महाकवीनेही दिला आहे. भवभूतीचे घराणे पद्मपूरचे. हे स्थान आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ असल्याचे विद्वान मानतात. त्याच्या मालतीमाधव नाटकाच्या पाचव्या अंकातील स्मशान संस्कृत वाङ्मयात अजोड आहे. तेथे पिशाचांचे थवेच्या थवे आहेत, पण ती माधवाच्या केसासही धक्का लावीत नाहीत. मालतीचा बळी द्यावयास निघतो तो अघोरघंट, एक माणूस.

आता वडीलधाऱ्यांविषयी. रात्र जागवून, क्रम ठरवून ग्रंथ वाचणे ही आपलीच रीत आहे. चातुर्मासात श्रीधरस्वामींचा हरिविजय (१७०२) किंवा पांडवप्रताप (१७१२) गावोगाव वाचला जाई. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा, असा परिपाठ होता. गुरुचरित्राच्या सप्ताहात तर कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत जावयाचे याचा परंपरेने आखलेला क्रमच आहे. त्याच गुरुचरित्राच्या विसाव्या अध्यायात ब्रह्मसमंधाची कथा येते, आणि त्या बाधेचे मूळ काय? एका ब्राह्मणाचे शंभर रुपये घेऊन ते परत न करणे! तेव्हा पवित्र ग्रंथांनीही भुताचे नाव टाळलेले नाही. भुतामागचा मनुष्याचा अपराध तेवढा दाखविला आहे.

छापखान्याच्या युगातही या कथा मागे राहिल्या नाहीत. बाळमित्रकार सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये मराठी वेताळपंचविशी सिद्ध केली. परदेशातील एक उदाहरणही सांगण्याजोगे आहे. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराकाठी पावसाने कोंडलेल्या बायरन, शेली व त्यांच्या सोबत्यांनी जर्मन भूतकथांच्या फ्रेंच भाषांतराचे एकत्र वाचन केले. मग प्रत्येकाने एक कथा लिहावी असे ठरले. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली, ती १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एकत्र ऐकलेले भय असे फलद्रूप होते.

आता प्रत्यक्ष तयारी. पहिली गोष्ट वेळेची. एका कथेस पंधरा मिनिटे व प्रश्नाच्या चर्चेस पाच, असे धरले तर पंचवीस कथांस ५०० मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. रात्री ९ वाजता आरंभ केल्यास अखंड वाचनही पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी संपेल. मध्ये दोनदा अर्धा तास चहासाठी हवा असेल तर ८ वाजताच बसावे. पाच वाचक निवडून प्रत्येकास पाच कथा द्याव्या, पण ओळीने नव्हे, आळीपाळीने. म्हणजे घसा टिकेल आणि आवाज पालटल्याने ऐकणाऱ्यांची झोपही उडेल. प्रत्येक वाचकाने आपल्या कथा घरी दोनदा मोठ्याने वाचून कठीण शब्दांवर खूण करावी. वीज गेल्यास कंदील तयार असावा; खडीसाखर जवळ ठेवावी.

दुसरी गोष्ट विवेकाची. वेताळाने प्रश्न विचारताच वाचकाने पुस्तक मिटावे आणि मंडळींनी आपापले उत्तर द्यावे. राजाचे उत्तर त्यानंतर वाचावे. काही कथांत स्त्रीजातीविषयी अन्यायाचे उद्गार आहेत. तिसऱ्या कथेत पोपट व मैना स्त्री आणि पुरुष यांत अधिक दुष्ट कोण याचा वाद घालतात. ती एका बाईने व एका पुरुषाने मिळून वाचावी आणि निकाल मंडळींनीच द्यावा. लहान मुलांस पहिल्या तीन-चार कथांपर्यंतच बसू द्यावे व घरी पोहोचविण्यास मोठे माणूस सोबत द्यावे. अंधारात कोणी आवाज काढून कोणास दचकविणार नाही, हा नियम आधीच सर्वांस सांगावा. कथेचे भय शब्दांतून यावे, थट्टेतून नव्हे.

शेवटची कथा मात्र चर्चेसाठी न थांबता वाचावी. तोपर्यंत पूर्वेस फटफटू लागलेले असेल. गोड बोलून नमस्कार घालावयास लावणारा कोणी भेटला तर ‘आधी आपण करून दाखवा’ असे म्हणण्याचे धैर्य त्या रात्री दहा-वीस माणसांनी जरी घरी नेले, तरी दोन्ही आक्षेपांस उत्तर मिळाले असे मी समजेन.