बँक जमा-संदेशांचे संगणकीय वर्गीकरण

खात्यात रक्कम जमा झाल्यावर बँकेकडून मोबाइलवर येणारा लघुसंदेश ओळखणे, त्यातील रक्कम, खाते, दिनांक व संदर्भ क्रमांक वेगळे काढणे आणि जमेचा प्रकार ठरवून तिची नोंद करणे, या संगणकीय प्रक्रियेस जमा-संदेशांचे वर्गीकरण म्हणतात. घरगुती हिशेबाची अ‍ॅप, दुकानांचे जमाखर्च व संस्थांच्या वर्गणीच्या नोंदी यांत तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

पूर्वी जमेची खात्री पासबुकातील नोंदीवरून होत असे. आयएमपीएस (२०१०) व यूपीआय (२०१६) या सेवांमुळे रक्कम तत्काळ पोहोचू लागली. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी सेवाही अहोरात्र उपलब्ध झाली. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या सूचनांसाठी ग्राहकांची लघुसंदेश-नोंदणी करून घेणे बँकांना आवश्यक ठरले. परिणामी अशा संदेशांची संख्या वाढली.

बँकांचे आपापसांतील संदेश साचेबद्ध असतात. भारताची आरटीजीएस प्रणाली ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ या आंतरराष्ट्रीय मानकावर चालते. त्यात पैसे पाठवणारा, घेणारा, रक्कम व कारण यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. ग्राहकाला मात्र हीच माहिती एक-दोन वाक्यांत मिळते आणि प्रत्येक बँकेची वाक्यरचना निराळी असते. वाक्यात मिसळलेली माहिती पुन्हा रकान्यांत बसवणे, हे वर्गीकरणाचे मूळ काम होय.

कार्यपद्धती

पहिली पायरी प्रेषक ओळखण्याची. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश नोंदणीकृत प्रेषकनामानेच पाठवावे लागतात. २०२५ च्या दुरुस्तीनंतर या नामाच्या शेवटी संदेशाचा प्रकार दर्शवणारे रोमन अक्षर असते : ‘टी’ व्यवहारासाठी, ‘एस’ सेवेसाठी, ‘पी’ जाहिरातीसाठी व ‘जी’ शासकीय संदेशासाठी.

दुसऱ्या पायरीत ठरावीक अक्षररचना शोधणाऱ्या सूत्रांनी मजकुरातून माहिती काढली जाते. या सूत्रांना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. रकमेपूर्वीचे रुपयाचे चिन्ह व खाते क्रमांकाचे अखेरचे अंक या ठळक खुणा होत. संदर्भ क्रमांकाची लांबीही उपयोगी पडते : यूपीआय व आयएमपीएसचा क्रमांक १२ अंकी, एनईएफटीचा १६ वर्णांचा, तर आरटीजीएसचा २२ वर्णांचा असतो.

तिसऱ्या पायरीत वेतन, व्याज, अनुदान, विक्री, परतावा असे प्रकार पाडले जातात. त्यासाठी हाताने लिहिलेले नियम किंवा आधी वर्गीकृत केलेल्या संदेशांवरून शिकणारी यंत्र-शिक्षण प्रणाली वापरतात. एकाच जमेबद्दल बँक व यूपीआय अ‍ॅप या दोहोंकडून सूचना आल्यास संदर्भ क्रमांक जुळवून दुबार नोंद टाळली जाते.

अडचणी

‘क्रेडिट’ म्हणजे जमा व ‘डेबिट’ म्हणजे नावे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. काही बँकांच्या एकाच संदेशात ग्राहकाचे खाते ‘डेबिट’ व समोरच्याचे ‘क्रेडिट’ झाल्याचे लिहिलेले असते. क्रेडिट कार्डाच्या देयकाच्या संदेशातही तोच शब्द येतो. त्यामुळे क्रियापद कोणत्या खात्याला लागू आहे, हे पाहावे लागते.

भाषेचाही प्रश्न आहे. एका लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० वर्ण मावतात. देवनागरीतील केवळ ७०. मराठी संदेश म्हणूनच अनेकदा तुकड्यांत पाठवावा लागतो आणि ते जोडल्याखेरीज अर्थ लागत नाही. शिवाय प्रत्येक जमेचा संदेश येतोच असे नाही : एचडीएफसी बँकेने जून २०२४ पासून ५०० रुपयांपर्यंतच्या यूपीआय जमेचे लघुसंदेश बंद केले.

ग्रामीण भागातील उदाहरण

नागपूर जिल्ह्यातील कुहीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात रकमेवरून प्रकार ठरवण्याची मर्यादा स्पष्ट दिसते. पीएम-किसान योजनेचा हप्ता २,००० रुपयांचा असतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा हप्ताही तेवढाच ठरला. संदेशात योजनेचे नाव नसेल, तर केवळ रकमेवरून कोणता हप्ता मिळाला व कोणता राहिला, हे कळत नाही. चुकीच्या नोंदीमुळे न मिळालेल्या हप्त्याची तक्रार करायचेच राहून जाऊ शकते. आधार-आधारित जमा ही त्या आधार क्रमांकाशी अखेरीस जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे संदेश अनपेक्षित बँकेकडूनही येऊ शकतो.

सुरक्षितता व विश्वासार्हता

वर्गीकरणासाठी अ‍ॅपला सर्व लघुसंदेश वाचण्याची परवानगी द्यावी लागते. त्यांत एकवेळचे पासवर्डही असतात. गूगलने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या धोरणाने प्ले स्टोअरवरील अ‍ॅपच्या या परवानगीवर निर्बंध आणले.

बनावट जमा-संदेश हा फसवणुकीचा प्रचलित प्रकार आहे. साध्या मोबाइल क्रमांकावरून बँकेसारखाच मजकूर पाठवून ‘चुकून आलेली’ रक्कम परत मागितली जाते. प्रेषक न तपासता केवळ मजकूर वाचणारी प्रणाली असा संदेशही जमा म्हणून नोंदवते. संदेश ही जमेची सूचना आहे, पुरावा नव्हे. पुरावा खात्यातील शिल्लक व खातेउतारा हाच होय. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करता येते.