मुहूर्त त्यांचा, वेळ कोणाची?

कोहमारा फाट्यावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत टपरीवर बसलो होतो. शेजारी नात्यातलाच एक म्हातारा, गळ्यात निळा दुपट्टा. म्हणाला, "का गा बाबू, भाच्याचं लगन विहारात ठेवलंस, बेस केलंस. पण बुधवारी बारा ते दीड टाळजो. राहूकाळ आहे." मी हसलो नाही. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून बाबासाहेब पाहिलेला हा माणूस. घरात भिंतीवर कॅलेंडर आलं आणि त्याच्या पाठीमागून राहूही आत आला.

मित्रहो, हा राहूकाळ म्हणजे तरी काय? दिवसाचे आठ तुकडे करायचे, प्रत्येक दीड तासाचा. सोमवारी दुसरा तुकडा वाईट, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. चौघडियाही याच आठ तुकड्यांचा. उद्वेग, चल, लाभ, अमृत, काळ, शुभ, रोग. नावं सात, तुकडे आठ, म्हणून पहिलंच नाव शेवटी पुन्हा चिकटवलं. आणि राहू? तो आकाशात दिसतच नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते तो नुसता बिंदू.

आपल्या बापजाद्यांसाठी वेळेचा हिशेब निराळाच होता. घुर्ये यांनी लिहून ठेवलंय की पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ पूर्वी येऊ देत नसत. का, तर सावली लांब पडते! राहिली ९ ते ३. आता आजचं कॅलेंडर काढून बघा. शनिवार, शुक्रवार, बुधवार, गुरुवार, या चारही दिवसांचा राहूकाळ नेमका ९ ते ३ मध्येच बसतो. मेळ योगायोगाचा असेल. पण आपल्या वाट्याला आलेल्या तेवढ्या वेळेतही आता आपणच खड्डे पाडून घ्यायचे काय?

नक्षत्रंही जातीविना सुटली नाहीत. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत नक्षत्रं वाटून देतो. तिन्ही पूर्वा आणि कृत्तिका ब्राह्मणांच्या. आश्लेषा, विशाखा, श्रवण, भरणी चांडाळांच्या. म्हणजे आकाशातही महारवाडा! छत्तीस गुण जुळवतात त्यातला पहिलाच गुण 'वर्ण'.

हे मोडायला सुरुवात जोतीरावांनी केली. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज, आणि २५ डिसेंबरला भटाविना पहिलं लग्न. पण मुंबई इलाख्यात जोशाचं वतन होतं. त्याला बोलवा न बोलवा, दक्षिणेचा दावा तो कोर्टात लावी. ते हक्क रद्द करणारा कायदा व्हायला १९२६ साल उजाडलं. आपला भंडारा तेव्हा मध्यप्रांतात, तो कायदा इकडे नव्हता. बुद्धानं तर भिक्खूंना लग्नाचे दिवस काढून पोट भरायची मनाईच केली होती. दीघनिकायात आहे ते.

म्हातारा काही कच्चा नव्हता. म्हणाला, "मंग बाबासाहेबांनी दसराच काहून धरला? साडेतीन मुहूर्तातला हाये तो."

प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता. पण बाबासाहेबांनी तो पंचांग पाहून धरला नाही, अशोक विजयादशमी म्हणून धरला. अशोकानं धम्म घेतल्याचा दिवस म्हणून. इतिहास पाहून दिवस निवडणं वेगळं आणि घटका पाहून निवडणं वेगळं. शिवाय नागपूरला १५ तारखेलाही दीक्षा झाली आणि १६ ला चांद्याला. त्या दोन दिवशी साडेतीनपैकी कोणता मुहूर्त होता? जत्थे चालत-धडपडत जसे पोचले, तशी दीक्षा मिळाली.

म्हातारा बराच वेळ कपात बघत राहिला. "माहा बाप दुसऱ्या दिवशीच पोचला होता," तो म्हणाला.

मग हळूच विचारलं, "पत्रिकेवर किती वाजता टाकलं गा?"

"साडेबारा. देवरीकडले पाहुणे तोवर पोचतात."

"बुधवारी?"

"बुधवारीच."

गाडी आली.