बर्फाचा खण

नवी होडी बांधायला काढली की आमच्या रेवदंड्याकडे आधी विचारतात, खण किती टनाचा? इंजिनाचं बोलणं त्यानंतर. मी नाखव्याच्या घरातला, आणि हा क्रम मला योग्य वाटतो. इंजिनाने होडीला वेग दिला. पाच-सहा दिवस समुद्रात राहून मासळी विकण्याजोगी परत आणता येते, ती खणामुळे.

आजोबांच्या शिडाच्या होडीत असा खण नव्हताच. त्यांची मासेमारी डोलीची. खुंटांना बांधलेलं जाळं भरती-ओहोटीच्या पाण्यावर भरायचं, ते रिकामं करून त्याच दिवशी किनारा गाठायचा. मासळी फळ्यांवर पडलेली. साठवण व्हायची ती जमिनीवर: बोंबील वाळायला वलांडीवर, जवळा खळ्यात, मोठे मासे उरण-पेणच्या मिठात. ही सगळी साठवण बायकांच्या हातची होती. आजीने उन्हाचा अंदाज चुकवला तर आठवड्याची कमाई कुजायची.

बर्फ काही आपल्याकडे नवा नव्हता. 1834 च्या सुमारास अमेरिकेहून जहाजाने तो मुंबईत उतरला होता, साहेबांच्या पेयांसाठी. खाडीपलीकडच्या कोळ्याच्या होडीत यायला त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली. 1950 च्या दशकात यांत्रिकीकरण सुरू झालं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या मच्छीमारांना पुढे सहकारी संस्थांमार्फत कर्जं मिळाली, आणि होड्या पापलेट-सुरमईच्या मागे दूर जाऊ लागल्या. दूर जायचं तर बर्फ न्यायचा, आणि बर्फ न्यायचा तर जागा हवी.

ही जागा काढणं हे सुतारांचं खरं कसब. आपल्या उष्ण हवेत माशाच्या वजनाइतकाच बर्फ धरावा लागतो, आणि फोडलेला एक टन बर्फ जवळपास दीड घनमीटर जागा खातो. म्हणजे निम्मी साठवण मासळी येण्याआधीच भरलेली. हे ओझं तळाशी आणि मधोमध हवं. वर चढवलं तर होडी लाटेवर कलंडू लागते. सुरुवातीला लाकडी पेटी, वर भुशाचा थर आणि ओलं गोणपाट. पुढे दोन फळ्यांमध्ये थर्माकोल आला, मग आतून फायबरचं अस्तर. वितळलेलं पाणी बाहेर जायला वाट ठेवावीच लागते, कारण त्या पाण्यात भिजत राहिलेलं पापलेट लिलावात कुणी उचलत नाही. लाद्या फोडून माशांवर थरावर थर कसे लावायचे, हे वडील नव्या खलाशाला जाळ्याआधी शिकवत.

खणाने बाजारही हलवला. ताजी मासळी थेट ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला उतरू लागली, आणि किनाऱ्यावर मीठ लावणाऱ्या बायकांच्या हातून मोठ्या माशाचं काम गेलं. बोंबील तेवढा राहिला. त्यात पाणीच इतकं की बर्फातही तो फार टिकत नाही, म्हणून अजून वलांडीवर चढतो. माझ्या मते या बदलात सगळ्यात जास्त गमावलं ते बायकांनी, आणि त्यांच्यासाठी कर्जाची योजना आमच्या वाडीत तरी कुणी आणली नाही.

पुरुषांचा हिशेबही सुटला नाही. बर्फ, डिझेल, राशन यांचे पैसे फेरीआधी मोजावे लागतात. ते बहुतेकदा दलाल देतो, आणि मग खणातली मासळी त्याच्याच हाती, त्याच्याच भावाने जाते.