मूलभूत हक्क गेला, वावर नाही गेलं



समृद्धी महामार्ग आपल्या मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून गेला. मोजणी सुरू झाली तेव्हापासून एक वाक्य मी वाशिम जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर ऐकतो: "जमीन सरकारचीच हाय बापा, आपण नुसते राखणदार." हे खरं नाही. पण असं का वाटतं, ते इतिहासात सापडतं.

इंग्रजांचा भूसंपादन कायदा १८९४ चा. १९२१ मध्ये मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत लढले. शेतकऱ्याची हरकत ऐकायची तरतूदच तेव्हा कायद्यात नव्हती. ती १९२३ ला आली.

१९५० च्या राज्यघटनेनं मालमत्ता हा मूलभूत हक्क केला. त्याच्याच जोरावर जमीनदार कोर्टात गेले. म्हणून १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली, जमीन सुधारणेच्या कायद्यांना संरक्षण मिळालं. पुढं आपल्याकडं १९६१ चा सिलिंग कायदा आला. कोरडवाहूची मर्यादा नंतर ५४ एकर झाली.

१९६४ च्या सतराव्या दुरुस्तीनं मात्र लहान शेतकऱ्यासाठी एक अट घातली: सिलिंगच्या आतली, स्वतः कसत असलेली जमीन सरकारनं घेतली तर मोबदला बाजारभावापेक्षा कमी नको. कलम ३१-अ मधली ही अट आजही आहे.

४४ व्या दुरुस्तीनं २० जून १९७९ पासून मूलभूत हक्क गेला. त्याजागी कलम ३००-अ आलं: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही.

एवढ्याशा ओळीत किती दम आहे पाहा. हिमाचलमधल्या विद्या देवींची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी गेली, मोबदला शून्य. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोबदला द्यायला लावला. 'इतकी वर्षं ताबा आमचाच' हे सरकारचं म्हणणं चाललं नाही. २०२४ मध्ये याच न्यायालयानं सांगितलं की नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय आणि रास्त मोबदला हे सगळं ३००-अ मध्येच येतं.

म्हणून नोटीस आली की मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला ६० दिवस आहेत, राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात फक्त २१. दोन्ही मुदती अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. हरकत लेखीच द्या, पोच घ्या. मुळशीच्या मावळ्यांना तेवढीही सोय नव्हती.